साखळीला बांधलेली भीति

पुण्यासारख्या शहरांत सकाळीं रस्त्यावर दिसणारें एक दृश्य वाचकांच्या परिचयाचें असेल. घरांत लहान मुलांस अंगावर लोळूं देणारा कुत्रा, समोरून दुसरा कुत्रा येतांना दिसतांच मागल्या पायांवर उभा राहतो, साखळी ताणतो आणि भुंकून गल्ली दणाणून सोडतो. धनी ओशाळतो, साखळीला हिसके देतो, प्रसंगीं छडीही उगारतो. दुसऱ्या दिवशीं तोच प्रकार अधिक जोरानें होतो. होतां होतां मंडळी त्यास बाहेर नेण्याचें टाळूं लागतात, आणि 'हा आतां कोणास तरी देऊन टाकावा' अशी भाषा सुरू होते. एका मुक्या जिवाचा आसरा अशा रीतीनें सुटतो. म्हणून या वर्तनाचें मूळ समजून घेणें अगत्याचें आहे.

बहुधा हें मूळ क्रौर्यांत नसून भीतींत असतें. मोकळे कुत्रे सहसा एकमेकांस सरळ समोरून भेटत नाहींत; थोडा वळसा घेऊन, वास घेत जवळ येतात, आणि नको वाटलें तर निघून जातात. साखळीमुळें वळसाही घेतां येत नाहीं व पळतांही येत नाहीं. मग ओरडून समोरच्यास घालवावें, एवढाच उपाय उरतो. समोरचा कुत्रा आपल्या वाटेनें जातोच. पण भुंकल्यामुळेंच तो गेला, असा याचा समज दृढ होतो. कांहीं कुत्र्यांस भीति नसते; दुसऱ्याजवळ जाण्याची उत्कंठा अडविली गेल्यानें ते थयथयाट करतात. उपचार मात्र दोघांचा बराचसा सारखाच आहे.

महाभारताच्या आदिपर्वांत देवशुनी सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या सत्राजवळ आलेल्या तिच्या पुत्रास राजाच्या भावांनीं मारलें. त्यानें हविर्द्रव्य चाटलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. निरपराध्यास मारल्याबद्दल, न दिसणारें भय तुमच्यावर येईल, असा शाप सरमेनें दिला. साखळीच्या हिसक्याचें फळ असेंच असतें. दुसरा कुत्रा दिसला कीं मान दुखते, एवढाच धडा कुत्रा घेतो व त्याचें भय दुणावतें. मारून गुरगुरणें बंद पाडलें, तर भीति जात नाहीं, सूचना तेवढी जाते. आणि एखादे दिवशीं तो पूर्वसूचनेवांचून चावतो.

यावर मार्ग कोणता? पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनीं दाखविलें कीं, एखाद्या खुणेपाठोपाठ वारंवार अन्न मिळालें, तर पुढें नुसत्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. आपणांस दुसऱ्या कुत्र्याचें दर्शन हीच अशी खूण करावयाची आहे. ज्या अंतरावरून आपला कुत्रा दुसऱ्यास पाहतो, पण भुंकत नाहीं, तेथें उभे राहावें. दुसरा दिसतांच पनीराचे किंवा उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे एकामागून एक द्यावे. तो दिसेनासा होतांच देणें थांबवावें. आधीं दर्शन, मग खाऊ, हा क्रम मोडूं नये. कित्येक आठवड्यांत हें अंतर थोडेंथोडें कमी करावें. कुत्र्याचें तोंड मिटलें, अंग ताठलें, नजर खिळली, किंवा तो खाऊ घेईना, तर आपण फार जवळ आलों असें समजून शांतपणें मागें वळावें. असें वळण्याची संवय आधीं घरांतच लावावी.

साखळीपेक्षां चारपांच हातांचा साधा पट्टा बरा. तो सैल धरावा आणि हार्नेस नांवाच्या छातीच्या पट्ट्यास अडकवावा. कांट्यांचा किंवा गळा आवळणारा गळपट्टा वर्ज्य करावा. खाऊंत बेदाणे, द्राक्षें, चॉकलेट व कांदा कधींही नसावा. मोकाट कुत्र्यांच्या नाक्यावरून जाण्याऐवजीं वेळ व वाट बदलावी. एकदम गांठ पडलीच, तर उभ्या मोटारीचा आडोसा घ्यावा. शांत कुत्रा अचानक असा वागूं लागला, तर कोठें दुखत असेल काय, हें पशुवैद्याकडून पाहून घ्यावें. भांडणाऱ्या कुत्र्यांमध्यें हात घालूं नये. चावा बसलाच, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवून लगेच डॉक्टरांकडे जावें. रेबीजच्या बाबतींत दिरंगाई प्राणघातक ठरते.

भ्यालेल्या विद्यार्थ्यास सोपें गणितही सुटत नाहीं, हें शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसास सांगावयास नको. कुत्र्याची गोष्ट निराळी नाहीं. धीर धरला, तर समोरून दुसरा कुत्रा येतांना पाहून एखादे सकाळीं तो भुंकण्याऐवजीं मान वळवून धन्याच्या तोंडाकडे पाहील. धडा त्यास समजूं लागला, असें त्या दिवशीं खुशाल मानावें.