विश्लेषण : दुचाकीवर गाणी वाजवणे दिसते तितके सोपे का नाही?

संध्याकाळी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखाली वाहने खोळंबली की कुठल्या ना कुठल्या दुचाकीवरून गाणे ऐकू येतेच. कुणी हँडलला ब्लूटूथ स्पीकर बांधलेला असतो, कुणी सीटखाली ॲम्प्लिफायर बसवून घेतलेला असतो, तर कुणाच्या हेल्मेटखालून इअरफोनची वायर लोंबत असते. दिवसाचे आठ-दहा तास दुचाकीवर काढणाऱ्या डिलिव्हरी कर्मचाऱ्यांसाठी गाणी ही केवळ हौस नसते. कंटाळ्यावर आणि दुपारच्या पेंगेवर तोच उतारा असतो. मात्र आवाज, वीज आणि कायदा या तिन्ही बाजूंनी हा मामला वाटतो त्यापेक्षा अवघड आहे.

गाणे वाऱ्यावर का जाते?

मोटारीच्या काचा बंद केल्या की आत एक खोली तयार होते. दुचाकीला ती सोय नाही. उघड्यावर स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो आणि आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर ॲम्प्लिफायरला दुप्पट वीज लागते. त्यात वाऱ्याची भर पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास पोहोचतो. महामार्गाच्या वेगाला तो शंभराच्या घरात जातो. म्हणजे पश्चिम द्रुतगती मार्गावर रात्री मोकळा रस्ता मिळाला आणि हँडलवरचा स्पीकर स्वारालाच नीट ऐकू यायचा असेल, तर आवाज प्रचंड ठेवावा लागतो. पुढे सिग्नल लागतो, वारा थांबतो, पण स्पीकर थांबत नाही. तेच गाणे मग पहिल्या मजल्यावरच्या घरात ऐकू जाते. होंडाच्या गोल्डविंगसारख्या महागड्या मोटारसायकलींत वेगानुसार आवाज आपोआप कमी-जास्त होतो. बाजारातून आणून जोडलेल्या स्पीकरमध्ये सहसा ती सोय नसते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रुग्णालयाच्या परिसरातील शांतता क्षेत्रात ती आणखी ५ डेसिबलने कमी. अंधेरीच्या रस्त्यांवर ती एरवीही कुठे पाळली जाते, असे कुणी म्हणेल. ते खरे असले, तरी स्पीकर लावणाऱ्याच्या बाजूचा तो युक्तिवाद होत नाही.

मग इअरफोन का नकोत?

कानात घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचे जग बंद करतो. अंधेरीत दुचाकी चालवताना डोळ्यांइतकेच कानांवर विसंबावे लागते. डावीकडून घुसणारी रिक्षा आरशात दिसण्याआधी ऐकू येते, मागून येणारी रुग्णवाहिकाही. ‘नॉइज कॅन्सलेशन’ असलेले इअरफोन तर खर्जातला, सलग चालणारा आवाज खास दाबतात आणि बस-ट्रकच्या इंजिनाची घरघर नेमकी त्याच पट्टीत येते.

दुसरा धोका सावकाश येतो. वाऱ्यावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवला जातो आणि तो तासन् तास तसाच राहतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजासाठी आठ तासांची मर्यादा सुचवली आहे आणि दर ३ डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९४ डेसिबल हा आवाज जेमतेम तासभर. डिलिव्हरीची पाळी त्याच्या कितीतरी पट लांब असते.

त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे हेल्मेटच्या आत, कानाच्या बाहेर बसणारे चपटे ब्लूटूथ स्पीकर. ते कान बुजवत नाहीत आणि कानाजवळ असल्याने आवाज कमी ठेवला तरी चालतो. अर्थात तो कमी ठेवला तरच. अनेक हेल्मेटमध्ये त्यासाठी कानापाशी खोलगट जागा असते. नसेल तर आतला थर्माकोल कोरून जागा करण्याचा मोह टाळावा, कारण आघात शोषून घेणारा थर तोच असतो. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. कोरलेले हेल्मेट त्या चाचणीतले हेल्मेट उरत नाही.

हादऱ्यांनी काय बिघडते?

ॲपलचा पहिला आयपॉड २००१ मध्ये आला तेव्हा त्यात ५ जीबीची फिरती हार्ड डिस्क होती आणि अशा डिस्कला सततचे हादरे मानवत नाहीत. फ्लॅश मेमरी आल्यावर ही अडचण संपली, असे वाटले. पण प्लेअरची जागा मोबाइलने घेतली आणि ती कॅमेऱ्याच्या रूपाने परतली. छायाचित्र हलू नये म्हणून मोबाइलची लेन्स आत तरंगती ठेवलेली असते. ताकदीच्या मोटारसायकल इंजिनाची कंपने हँडलमधून थेट पोहोचल्यास ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. मोबाइल खिशात किंवा फोम लावलेल्या टँक बॅगेत ठेवणे उत्तम. हँडललाच लावायचा तर कंपने शोषणारा होल्डर घ्यावा.

वीज कुठून घ्यायची?

खरी फसगत इथे होते. दुचाकीची बॅटरी १२ व्होल्टची, मोबाइल किंवा प्लेअरला हवेत ५ व्होल्ट. मध्ये कन्व्हर्टर लागतो. मोबाइल चार्जर सुमारे १ अँपिअर खेचतो, २० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात जवळपास दोन. मोटारीच्या तुलनेत हे किरकोळ वाटेल. पण १०० सीसीच्या अनेक दुचाकींची बॅटरी अवघी ३ ते ४ अँपिअर-अवरची असते. इंजिन बंद ठेवून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर तासभर गाणी ऐकली, तर परतताना सेल्फ स्टार्टर मान टाकण्याची शक्यता मोठी. वाहतूक कोंडीतही हिशेब जुळत नाही. इंजिन मंद चालत असताना वीजनिर्मिती कमी असते आणि एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही जळत असतो.

जोडणीचा नियम साधा आहे. वायर चावीनंतरच्या जोडणीतून, शक्यतो रिलेमार्फत घ्यावी, म्हणजे चावी काढली की प्रवाह थांबतो. आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ छोटा फ्यूज असावा. फ्यूज नसलेली वायर हँडल वळवून वळवून सोलली गेली आणि सांगाड्याला टेकली, तर पेट्रोलच्या टाकीखाली ठिणगी पडते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ दुचाकींत इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे असल्याने हाताला लागेल ती वायर कापून जोड देणे महागात पडू शकते. वायरिंग कापल्यास वॉरंटी नाकारली जाते, ते वेगळेच.

एक गमतीची तक्रार मेकॅनिककडे येते : ॲक्सिलरेटर पिळला की स्पीकरमधून चिंऽऽ असा चढत जाणारा सूर येतो. चार्जिंग आणि गाणे दोन्ही वायरनेच जोडले, की जनित्राची कंपने ‘अर्थ’च्या वाटेने गाण्यात शिरतात. दोन्हींपैकी एक वायर काढली, म्हणजे गाणे ब्लूटूथवर घेतले, की सूर बहुधा जातो.

पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी पुरत नाही. आत दमट हवा कोंडते, चार्जिंगचे टोक ओले होते आणि वीज चालू असताना ते झपाट्याने गंजते. पावसात चार्जिंग बंद ठेवावे.

कायदा काय सांगतो?

गाणे ऐकणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून मोटार वाहन कायद्यात लिहिलेला नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातातील संपर्क साधन वापरणे कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. कलम ५२ मूळ नोंदणीशी विसंगत फेरफारांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती भूमिका ठामपणे मांडली. पट्ट्याने बांधलेला स्पीकर आणि सांगाडा कापून बसवलेली पेटी यांत म्हणूनच फरक आहे. आवाजाच्या निकषांचा भंग झाला, तर कलम १९०(२) नुसार दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

ऑक्टोबर २०२० पासून मोबाइलचा वापर फक्त मार्ग शोधण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करण्याची मुभा आहे. पत्ता शोधत लोखंडवालाच्या गल्ल्यांत फिरणाऱ्याला ती लागतेच. पण त्याच पडद्यावर बोट फिरवून गाणे शोधणे या सवलतीत बसत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाला तीन सेकंदांत दुचाकी ३३ मीटर पुढे गेलेली असते. त्यामुळे गाण्यांची यादी निघण्याआधी लावून ठेवावी लागते आणि मधेच नको असलेले गाणे लागले, तर पुढच्या सिग्नलपर्यंत ते ऐकून घ्यावे लागते.