पाकोळीच्या लाळेचे सूप

कुर्ला स्टेशनबाहेर संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात आणि मंचाव सूपच्या वाट्या भराभर संपतात. हे सूप खरे तर आपल्याकडचेच. चीनमध्ये शतकानुशतके ज्या सूपला राजेशाही मान मिळाला, ते पक्ष्याच्या घरट्याचे. तशी घरटी बांधणारी एक पाकोळी आपल्या सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवर राहते.

चीनमध्ये दंतकथा सांगतात ती अशी. पंधराव्या शतकातला दर्यासारंग झंग ह याची जहाजे वादळात सापडून मलाय बेटांना लागली. शिधा संपला होता. उपाशी खलाशांनी कड्यावरची घरटी काढली, धुतली आणि शिजवून खाल्ली. काही दिवसांत त्यांच्या चेहऱ्यांवर तेज आले. मग झंग हने ती घरटी सम्राटाला नजर केली. इतिहासात याला पुरावा नाही, पण पुढे दरबारात हा पदार्थ रुजला हे खरे. अठराव्या शतकातला छियनलोंग सम्राट घरट्यांचा मोठा शौकीन होता. त्याच शतकातल्या ‘लाल महालाचे स्वप्न’ या कादंबरीत क्षयाने खंगलेल्या नायिकेला तिची मैत्रीण रोज सकाळी घरट्याची खडीसाखर घातलेली पेज घ्यायला सांगते.

सूपसाठी वापरतात ते घरटे म्हणजे पाकोळीची सुकलेली लाळ. विणीच्या दिवसांत तिच्या जिभेखालच्या ग्रंथी फुगतात. अंधाऱ्या गुहेत भिंतीला लटकून ती चिकट लाळेचे धागे खडकावर ओढत जाते, हवा लागताच ते घट्ट होतात, आणि थरावर थर चढून तळहातावर मावेल एवढी अर्धी वाटी तयार होते. याला महिन्याहून अधिक काळ लागतो. काळोखात ती तोंडाने टकटक आवाज काढते आणि प्रतिध्वनीवरून वाट शोधते. वटवाघळासारखी ही युक्ती पक्ष्यांत फारच थोड्यांना साधली आहे.

सूप करताना घरटे कित्येक तास भिजवतात. मग चिमट्याने एकेक बारीक पीस वेचतात आणि खडीसाखरेबरोबर वाफेवर शिजवतात. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. लाल घरट्याला सर्वांत जास्त भाव येतो, कारण लाळ संपली की पक्षी रक्त ओकून घरटे पुरे करतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो रंग गुहेतल्या विष्ठेतून निघणाऱ्या वायूंच्या रासायनिक क्रियेने येतो. अशा घरट्यांत नायट्राइट सापडल्यामुळे २०११ साली चीनने मलेशियाहून होणारी आयातच थांबवली होती.

आपली भारतीय पाकोळी पश्चिम घाट आणि श्रीलंकेत आढळते. तिच्या घरट्यात लाळेबरोबर पिसे आणि काड्याही असतात, म्हणून त्याला निव्वळ लाळेच्या शुभ्र घरट्याचा भाव येत नाही. तरीही चोरांच्या दृष्टीने ते पुरेसे मोलाचे आहे. या पाकोळ्यांची नोंद जुनीच आहे. पक्षितज्ज्ञ हुमायूँ अब्दुलअली यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वेंगुर्ल्याच्या सुरय आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला होता. पुढे २००१ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने इथली घरट्यांची चोरी उघडकीस आणली. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनखात्याला बरोबर घेऊन हा व्यापार रोखण्याचे काम हाती घेतले. वेळासच्या किनाऱ्यावरच्या समुद्री कासवांच्या संरक्षणामुळे ही संस्था सर्वांना माहीत झाली. पाकोळ्यांसाठी तिने केलेले काम तितकेच मोलाचे आहे, त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

घरटे नेले म्हणून पाकोळीचे प्राण लगेच जात नाहीत. ती पुन्हा लाळ गाळून नवे बांधते, तेही गेले तर तिसरे. पण अंडी घातल्यावर घरटे उचलले तर वीणच वाया जाते. अंदमानात याचा परिणाम दिसला: पक्षितज्ज्ञ रवी शंकरन यांच्या अभ्यासानुसार तिथल्या पाकोळ्यांची संख्या काही वर्षांतच कमालीची घटली होती. मग त्यांनीच घरटी तोडणाऱ्यांना सोबत घेऊन गुहांवर पहारा बसवला. पिल्ले उडून गेल्यावर रिकामे घरटे काढले तर पक्ष्याचे नुकसान होत नाही, हे त्या लोकांना पटले.

वेंगुर्ल्याच्या खडकांवर विणीचा हंगाम उन्हाळ्यात असतो, आणि समुद्र शांत असल्याने पर्यटकांच्या होड्याही तेव्हाच निघतात. त्या दिवसांत तिकडे गेलात तर होडी गुहेच्या तोंडापर्यंत नेऊ नका, आत टॉर्च मारू नका, आणि गुहेपाशी बांबूची परांची बांधलेली दिसली तर किनाऱ्यावर परतताच वनखात्याला कळवा.