फॉल्ट: कधी भिंत, कधी वाट

मुंबई हायची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात ‘सागर सम्राट’ रिग उभी राहिली, फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. ते तेल तिथे तयारच झालेलं नाही, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. दख्खनचा लाव्हा थंडावल्यानंतर आजूबाजूच्या खोलगट भागांत सेंद्रिय गाळ साचला, गाडला गेला आणि तापला. त्यातून सुटलेलं तेल हळूहळू वर सरकत मुंबई हायच्या उंचवट्यावरच्या मायोसीन काळातल्या चुनखडकात शिरलं आणि वरच्या शेलखाली, म्हणजे चिकणमातीच्या घट्ट खडकाखाली, अडकलं. उंचवट्याची पूर्वेची कड एका मोठ्या प्रस्तरभंगाने, म्हणजे तेलवाल्यांच्या भाषेत फॉल्टने, कापलेली आहे. काही विहिरींना तर चुनखडकाच्याही खाली, एरवी एक थेंबही धरून न ठेवणाऱ्या पायाच्या कठीण खडकात तेल मिळालं. तिथे ते साठलं भेगांमुळेच.

म्हणजे फॉल्ट तेल वाहूनही नेतो आणि अडवूनही धरतो. कोणता फॉल्ट कधी काय करील, हे विहीर खणण्याआधी सांगता येईल का? गेली साठेक वर्षं भूवैज्ञानिकांची एक जमात याच प्रश्नामागे लागली आहे.

सुरुवात भौतिकशास्त्राने झाली. डेरिल स्मिथ यांनी १९६६ मध्ये दाखवलं की पाण्याने भिजलेल्या सूक्ष्म छिद्रांत शिरायला तेलाला ठराविक दाब लागतो. छिद्रं जितकी बारीक, तितका हा दाब जास्त. वालुकाश्माची छिद्रं ऐसपैस असतात, शेलची अतिसूक्ष्म. खडक सरकल्यावर वालुकाश्मासमोर शेल आला तर वाट बंद. वालुकाश्मासमोर वालुकाश्मच आला, तर मात्र मधल्या फॉल्टपट्ट्यात काय भरलं आहे यावर सगळं ठरतं. अर्बन ॲलन यांनी १९८९ मध्ये फॉल्टच्या पृष्ठावर दोन्ही बाजूंचे थर एकावर एक रेखाटण्याची पद्धत मांडली. कोणता थर कोणासमोर आला आहे, हे त्या नकाशावर एका नजरेत दिसतं. दिसायला साधी युक्ती, पण तिच्यामुळे तेल कुठून निसटेल ते बोट ठेवून दाखवता येऊ लागलं.

खरी गुंतागुंत त्या मधल्या पट्ट्यात आहे. खडक एकमेकांना घासून सरकतात तेव्हा चिकणमातीचे थर ओढले जातात आणि कुडाची भिंत लिंपावी तसे भेगेवर फासले जातात. शेल या तेल कंपनीच्या वेबर यांनी सत्तरच्या दशकात प्रयोगशाळेत ओली माती आणि वाळू यंत्रात फिरवून हे घडवून दाखवलं. पुढे १९९७ मध्ये यील्डिंग, फ्रीमन आणि नीडम या तिघांनी त्याचं एक गुणोत्तर केलं. समजा, फॉल्टने थर १०० मीटर सरकवले आहेत. त्यावरचा एखादा बिंदू घ्या. त्याच्यासमोरून सरकून गेलेल्या १०० मीटर खडकात एकूण ३० मीटर चिकणमाती असेल, तर गुणोत्तर ३० टक्के. ते साधारण १५ ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर फॉल्ट गळण्याचीच शक्यता जास्त. त्यावर असेल तर तो तेल धरू शकतो. आज तेल कंपन्यांच्या संगणकांत हे गणित सर्रास चालतं.

मला या आकड्याचं कौतुकही वाटतं आणि भीतीही. लाखो वर्षांची उलथापालथ एका टक्केवारीत बसवणं ही मोठी हुशारी आहे. पण आकडा हाती आला की माणूस पुढचं विचारायचं थांबतो. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात जेमतेम काही मीटर सरकलेले फॉल्ट सहसा दिसतच नाहीत. खोलवर तापलेल्या खडकात क्वार्ट्झ साचून छिद्रं बुजतात, त्याचा या टक्केवारीशी संबंध नसतो. शिवाय काळाचं काय? दहा लाख वर्षांत थेंबथेंब तेल पलीकडे जाऊ देणारा फॉल्ट वीस वर्षांच्या उत्पादनापुरता पक्की भिंत ठरतो. एका बाजूच्या विहिरीतला दाब कोसळतो, पलीकडच्या बाजूला त्याचा पत्ताही नसतो. एकच वाटणारं क्षेत्र अचानक चार वेगळ्या कप्प्यांचं निघतं.

फॉल्टच्या अशा अनपेक्षित वागण्याची सर्वांत कडू आवृत्ती नेदरलँड्समध्ये घडली. ग्रोनिंगन प्रांतात १९५९ मध्ये स्लोख्तरनजवळ वायू सापडला: सुमारे तीन किलोमीटर खोल वालुकाश्म, वर मिठाचं जाड झाकण, मूळ साठा सुमारे २८०० अब्ज घनमीटर. हा साठा हजाराहून अधिक फॉल्टांनी चिरलेला आहे. १९६३ पासून उपसा झाला, देश श्रीमंत झाला. वायूचा दाब उतरला तसा वरच्या खडकांचा भार वाळूच्या कणांवर आला आणि थर दबू लागला. फॉल्टच्या दोन बाजू वेगवेगळ्या उंचीवर असल्याने त्या सारख्या दबल्या नाहीत, आणि कोट्यवधी वर्षं निपचित पडलेले फॉल्ट सरकू लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हुइझिंगे इथे ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. कोयनेचा भूकंप पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण केंद्र फार उथळ, वरची माती मऊ आणि घरं विटांची. नुकसानभरपाईचे दावे लाखावर गेले. रहिवाशांचं हित सातत्याने डावललं गेलं, असा निष्कर्ष संसदेच्या चौकशी समितीने २०२३ मध्ये काढला. १ ऑक्टोबर २०२३ ला उपसा थांबला आणि पुढच्या एप्रिलमध्ये क्षेत्र कायमचं बंद झालं.

कोयनेत गोष्ट उलटी आहे. तिथे जमिनीखालून काही काढलं नाही. वर धरणाचं पाणी भरलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा त्या जलाशयाशी असलेला संबंध तपासायला शास्त्रज्ञांनी गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विवर घेतलं. बेसाल्टचा सव्वा किलोमीटर जाडीचा थर पार करून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरलं. प्रश्न इथेही तोच आहे: खडकातला दाब बदलला की जुनी भेग कशी वागते?

तेलासाठी जमवलेली ही सगळी विद्या आता दुसऱ्याच कामाला लागली आहे. नॉर्वेने १९९६ मध्ये स्लाइपनर क्षेत्रात कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली पुरायला सुरुवात केली. त्याच देशात बर्गनच्या पश्चिमेला स्मेआहेया हा अशा साठवणीसाठी निवडलेला भाग आहे. त्याच्या आणि ट्रोल या प्रचंड वायुक्षेत्राच्या मध्ये व्हेट्टे नावाचा फॉल्ट आहे. ट्रोलमधून वायू काढला जातो तसा तिथला दाब घटतो. ती घट फॉल्ट ओलांडून अलीकडे येत असेल, तर पुरलेला वायूही कधीतरी तीच वाट धरू शकतो. तेल शोधताना अंदाज चुकला तर एक कोरडी विहीर पदरी पडायची. इथे तो बरोबर ठरला की नाही, हे कळायला शतकं लागतील. त्यामुळे व्हेट्टेवरच्या शोधनिबंधांत मातीच्या टक्केवारीशेजारी आता दाब, ताण आणि घसरण्याची शक्यता यांचीही गणितं मांडलेली दिसतात.