ब्रेक लाइट लागत नाही? आधी दोष शोधा, मग माल बदला

पुण्याची नाना पेठ वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. शहरातील ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात आपले अनेक बंधू आहेत. ब्रेक लाइटची तक्रार त्यांच्याकडे नेहमीच येते. पावसाळ्यात तर अधिकच. अशा वेळी आधी बल्ब, मग स्विच, शेवटी वायरिंग असे अंदाजाने बदलत गेल्यास ग्राहकाचा पैसा जातो आणि कारागिराची पतही जाते.

हे काम लहान समजू नये. दुचाकींच्या या शहरात वाहने एकमेकांना खेटून धावतात. पुढच्याने ब्रेक दाबल्याचे मागच्याला कळले नाही तर जिवावर बेतते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 102 मध्ये ब्रेक लाइटचाही समावेश आहे.

प्रथम लक्षण पाहावे. एकाच बाजूचा दिवा बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचे अर्थिंग तपासावे. सर्व दिवे बंद असतील तर फ्यूज व स्विच पाहावा. दुचाकीत हाताच्या ब्रेकने दिवा लागतो, पण पायाच्या ब्रेकने लागत नाही, तर दोष बहुधा पायाच्या स्विचमध्ये असतो. ब्रेक दाबताच टेल लाइट मंद होत असेल किंवा इंडिकेटर मिणमिणत असेल तर अर्थिंग खराब समजावे. दिवा सतत पेटत असेल तर स्विच अडकला आहे किंवा पेडलजवळचे रबरी बटण पडले आहे काय, ते पाहावे.

यासाठी 12 व्होल्टचा बल्ब व दोन वायरी यांचा टेस्ट लॅम्प पुरेसा आहे. एक वायर स्वच्छ बॉडीला लावावी, दुसरी होल्डरच्या पॉइंटला, आणि ब्रेक दाबावा. टेस्ट लॅम्प पेटला तर करंट येत आहे. मग बल्ब बदलावा किंवा होल्डर व अर्थिंगचा गंज पॉलिश पेपरने साफ करावा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर जाड फ्यूज किंवा तांब्याची तार मुळीच घालू नये. 21 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर केवळ साडेतीन अँपिअर घेतात. फ्यूज उडतो याचा अर्थ वायर कोठेतरी घासून बॉडीला लागते आहे. जाड तारेने गाडीला आग लागू शकते.

नव्या गाड्यांत ब्रेक स्विचचा संबंध एबीएस व कॉम्प्युटरशीही असतो. तेथे वायर कापून जोड देऊ नये, कंपनीचा वायरिंग नकाशा पाहावा.

ग्राहकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. काढलेला भाग त्याला दाखवावा आणि केवळ गंज साफ केला असेल तर तेवढ्याचीच मजुरी घ्यावी. हलाल कमाईला बरकत असते आणि असा ग्राहक स्वतःहून चार गिऱ्हाइके घेऊन येतो.