क्षमेआधी उपचार

थायलंडमधील कांचनाबुरी येथे क्वाय नदीवरील रेल्वे पुलाजवळ मार्च १९९३मध्ये दोन वृद्ध भेटले. दोघांनीही सत्तरी ओलांडली होती. एक होते ब्रिटिश सैन्यातील निवृत्त अधिकारी एरिक लोमॅक्स, दुसरे जपानचे ताकाशी नागासे. पन्नास वर्षांपूर्वी लोमॅक्स कैदी होते आणि नागासे त्यांची चौकशी करणाऱ्या जपानी लष्करी पोलिसांचे दुभाषी.

फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडले आणि लोमॅक्स युद्धकैदी झाले. जपानने थायलंड ते ब्रह्मदेश हा सुमारे ४१५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग युद्धकैदी आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतला. या मजुरांत मलायातील तमिळ कामगारही मोठ्या संख्येने होते. उपासमार, कॉलरा आणि मारहाणीने हजारो माणसे दगावली. १९४३मध्ये छावणीत लपवलेला रेडिओ सापडला. लोमॅक्स यांना हात मोडेपर्यंत मारले गेले, नाकातोंडात पाणी सोडले गेले. नागासे यांनी स्वतः हात उचलला नाही; पण प्रश्न विचारणारा त्यांचा आवाज लोमॅक्स यांच्या डोक्यात राहिला.

युद्ध संपले, जखमा भरल्या. तरी भयस्वप्ने, अचानक येणारा संताप आणि घरच्यांशीही न बोलणे सुरूच राहिले. या त्रासाला आज आघातोत्तर ताणविकार, म्हणजेच पीटीएसडी म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८०मध्ये त्याला अधिकृत निदानाचे स्थान दिले. साधी आठवण काळानुसार फिकी होते. तीव्र आघाताची आठवण मात्र एखाद्या आवाजाने वा वासाने पुन्हा जागी होते. भीतीची सूचना देणारा मेंदूतील अमिग्डला हा भाग धोका समोरच असल्यासारखा वागतो; छाती धडधडते, घाम फुटतो.

नागासेही सुटले नव्हते. युद्धानंतर मृत कैद्यांच्या कबरी शोधणाऱ्या पथकाबरोबर ते दुभाषी म्हणून फिरले. छळाची दृश्ये त्यांचाही पिच्छा पुरवत होती. पुढे ते वारंवार कांचनाबुरीला गेले, पुलाजवळ त्यांनी बौद्ध मंदिर उभारले. त्यांच्याविषयीचा वृत्तपत्रातील लेख १९८९मध्ये लोमॅक्स यांच्या हाती पडला. त्यांच्या मनात तेव्हा सूडच होता.

पण भेट लगेच झाली नाही. मधल्या काळात छळपीडितांवर उपचार करणाऱ्या लंडनच्या एका संस्थेत लोमॅक्स गेले आणि मनात कोंडलेले प्रथमच सविस्तर बोलले. पत्नी पॅटी यांनी नागासे यांना पत्र लिहिले, उत्तर आले. पुलाजवळच्या भेटीत नागासे यांनी रडत माफी मागितली. पुढे जपानमध्ये लोमॅक्स यांनी त्यांना क्षमेचे लेखी पत्र दिले. २०११मध्ये नागासे वारले, २०१२मध्ये लोमॅक्स. तोवर दोघे मित्र राहिले.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोणीतरी शांतपणे ऐकले, मग समोरच्याने चूक कबूल केली आणि क्षमा सर्वांत शेवटी आली. ती गोळीसारखी लिहून देता येत नाही. अनेक युद्धकैद्यांना ती अखेरपर्यंत जमली नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता.

आपल्याकडे दंगल, अपघात किंवा घरातला हिंसाचार सोसलेल्याला 'झालं गेलं विसरून जा, माफ करून टाक' असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा आणखी गप्प होतो. भयस्वप्ने, दचकणे, त्या जागा वा विषय टाळणे हे महिन्याहून अधिक टिकले, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. ही सोय जिल्हा रुग्णालयांत मिळते. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. घटनेला किती वर्षे झाली, याचा संकोच नको. लोमॅक्स उपचारांना गेले, तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते.