‘हलाल’मध्ये सुरी कुठून आली?

‘हलाल’ हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाला खाटकाची सुरी आठवते. जनावर कापण्याची एक पद्धत, तीही हळूहळू मान चिरण्याची, एवढाच अर्थ अनेकांच्या मनात पक्का बसला आहे. ‘हालहाल करून मारणे’ हा आपला वाक्प्रचार कानाला इतका जवळचा लागतो की दोन्ही शब्द एकाच कुळातले असणार, असे धरूनच चालले जाते. ते तसे नाहीत. आपले ‘हाल’ अरबी ‘हाल’वरून, म्हणजे स्थिती किंवा अवस्था या अर्थाच्या शब्दावरून आले, ‘हालहवाल’मध्ये तोच आहे आणि त्याचा धातू वेगळा आहे. ‘हलाल’चा धातू ह-ल-ल. त्याचा मूळ अर्थ सोडणे, गाठ उकलणे. ओझे सोडून मुक्कामाला उतरणे हाही अर्थ त्याच धातूत आहे, आणि त्यातूनच जागा, वस्ती या अर्थाचे ‘महल्ल’, ‘महल्ला’ हे शब्द झाले. आपला मोहल्ला, आपला महाल, इंग्रजी अमदानीत तालुक्याहून लहान महालाचा कारभार पाहणारा महालकरी, ही सगळी हलालचीच भावंडे. गणित सोडवण्याला हिंदीत ‘हल करना’ म्हणतात, तेही याच घरातले. तेव्हा हलाल म्हणजे ज्यावरचे बंधन सुटले आहे, ज्याला आडकाठी नाही असे.

याहून खोल रुतलेला गैरसमज सोवळ्या-ओवळ्याचा आहे. हलाल म्हणजे मंत्रून पवित्र केलेले आणि हराम म्हणजे विटाळलेले, अशी आपण सोयीची वाटणी करतो. अरबीत चित्र जवळजवळ उलटे आहे. मक्केच्या मशिदीचे नावच ‘मस्जिद अल-हराम’. तिच्याभोवतीचा पवित्र टापू तो ‘हरम’ आणि त्याबाहेरची साधी जमीन ती ‘हिल’, हलालच्याच धातूतली. यात्रेकरू इहराम, म्हणजे यात्रेचे व्रत, धारण करतो तेव्हा शिकार, अत्तर, केस कापणे अशा गोष्टी त्याला वर्ज्य होतात; इहराम सुटला की तो ‘हलाल’ झाला असे म्हणतात, म्हणजे रोजच्या आयुष्यात परत आला. महाराष्ट्रात गावोगाव ज्या महिन्यात ताबूत निघतात आणि त्यात हिंदूही सामील होतात, त्या मोहरमचे नावही ह-र-म या धातूचे. शिवी म्हणून वापरला जाणारा ‘हरामखोर’ही त्याचाच. अरबीची बहीण असलेल्या हिब्रूत ‘हुल्लीन’ म्हणजे देवाला न वाहिलेले, नेहमीच्या वापरातले. थोडक्यात, राखीव ते हराम आणि मोकळे ते हलाल. इस्लामी धर्मशास्त्राचा एक बहुमान्य नियमही हेच धरून चालतो: वस्तू मुळात मोकळ्याच असतात, पुरावा लागतो तो मनाईला. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरवले आहे, त्या वचनात मांसाचा विषयच नाही.

मग यात सुरी आली कुठून, असा प्रश्न रास्त आहे. मांसाच्या बाबतीत शास्त्रकारांनी वरचा नियम उलटा लावला. जनावराचे मांस मुळात वर्ज्य. अल्लाचे नाव घेऊन, धारदार सुरीने श्वासनलिका आणि गळ्याच्या रक्तवाहिन्या कापल्या तरच ते मोकळे. या कापण्याला अरबीत ‘जबह’ म्हणतात. हलाल हे त्या कृतीचे नाव नाही, तिच्या परिणामाचे आहे. मासळीला तर जबह लागतच नाही, तरी ती हलालच असते. फारसी आणि उर्दूत मात्र ‘खाण्याजोगे करणे’ या अर्थाने ‘हलाल करणे’ असे म्हणू लागले, आणि ‘कापणे’ या उघड्या शब्दाऐवजी हा झाकलेला शब्द रुळला. आपण उचलला तो हाच प्रयोग. मराठीत पुढे त्याला छळाचा वासही लागला. कापण्यापूर्वी जनावराला बेशुद्ध करावे की नाही, त्याला वेदना किती होतात, हा वाद खरा आहे आणि तो शरीरशास्त्राच्या आधारे लढला पाहिजे. शब्दाच्या अर्थावरून त्याचा निकाल लागणार नाही.

आपण सुरी पाहिली, इतरांनी या शब्दात काय पाहिले ते पाहण्यासारखे आहे. तुर्कीत ‘हेलाल ओल्सुन’ ही चक्क शाबासकी आहे. तिथे अंत्यविधीच्या वेळी इमाम जमलेल्यांना विचारतो, तुमचे याच्याकडे काही येणे असेल तर ते हलाल करता ना? लोक ‘हेलाल ओल्सुन’ म्हणतात आणि मृताचा हिशेब मिटतो. एकमेकांना असे माफ करण्याला ‘हेलाललेश्मे’ म्हणतात. २०२१मध्ये केमाल किलिचदारोग्लू यांनी जुन्या जखमा भरून काढण्याच्या आपल्या राजकीय आवाहनाला हेच नाव दिले, आणि ते होते अतातुर्कच्या धर्मनिरपेक्ष पक्षाचे नेते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीक माणूस ‘हलाली’ म्हणतो तेव्हा खर्च झाला पण सार्थकी लागला, मनात किंतु नाही, असे त्याला सांगायचे असते. सर्बियात ‘अलाल वेरा’ म्हणजे वाहवा. इंडोनेशियात ईदनंतर ‘हलालबिहलाल’ नावाचे क्षमेचे मेळावे कचेऱ्यांतून भरतात आणि मुस्लिमेतर सहकारीही त्यांना येतात. सारे रूप अरबी, पण ही प्रथा इंडोनेशियाची. स्वाहिलीत ‘हलाली’ म्हणजे सरळ कायदेशीर: बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या केनियातही वैध मतांना ‘कुरा हलाली’ म्हणतात.

आपल्याकडेही सुरीशिवायचा हलाल होता, आपण तो विसरलो. खाल्ल्या मिठाला जागणारा तो निमकहलाल. मैला वाहणाऱ्यांना ‘हलालखोर’, म्हणजे कष्टाचे खाणारा, हे नाव अकबराने रूढ केल्याची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात या कामासाठीच्या कराचे नावच ‘हलालखोर कर’ होते. नाव गौरवाचे दिले, वागणूक मात्र होती तीच राहिली. राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’ हा २०१७चा मराठी चित्रपटही खाटिकखान्याचा नाही; घटस्फोटित स्त्रीला पहिल्या नवऱ्याशी पुन्हा लग्न ‘मोकळे’ व्हावे म्हणून मध्ये दुसरे लग्न लावण्याच्या प्रथेवरचा आहे.

यावर कुणी म्हणेल, हा झाला शब्दकोशाचा विषय. आज बिस्किटांवर आणि औषधांवर हलालचा शिक्का दिसतो, त्याचे काय? शाकाहारी वस्तूला शिक्का कशाला? शंका बरोबर, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. शिक्का आहे म्हणजे आत मांस आहे असे नाही. कॅप्सूलच्या कवचात जिलेटिन कुठल्या प्राण्याचे, चवीच्या अर्कात अल्कोहोल आहे का, चीजमधले रेनेट कुठून आले, हे घेणाऱ्याला वेष्टणावरून कळत नाही, आणि शिक्का त्याचेच उत्तर देतो. अन्नविषयक आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने या शब्दाच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे १९९७मध्येच काढली. इंडोनेशियाने २०१४मध्ये कायदा केला आणि ऑक्टोबर २०२४पासून मोठ्या व मध्यम उद्योगांच्या खाद्यपेयांना प्रमाणपत्र सक्तीचे झाले. प्रमाणपत्र कोणी द्यावे, त्याचे शुल्क किती, खासगी संस्थांवर देखरेख कोणाची, हे प्रश्न जरूर विचारावेत. उत्तर प्रदेशने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा प्रमाणित मालाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली, पण निर्यातीचा माल त्यातून वगळला. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थच ‘मनाई नसलेले’ असा आहे, तो छापलेला डबा जकार्त्याला जाणार असेल तर चालतो, लखनौच्या दुकानात नाही.