स्नेहाचं कवच

मराठीत 'स्नेह' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक माया, दुसरा तेल. नजर स्निग्ध असते आणि लोणीही स्निग्धच असतं. कविता लिहिणाऱ्या, बी.ए.पर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला रसायनशास्त्राच्या दारापर्यंत न्यायला एवढा धागा पुरतो. आज ज्या स्नेहाविषयी बोलायचं आहे, तो आहे वटवाघळाच्या अंगावर.

वटवाघूळ हा सस्तन प्राणी. आपल्यासारख्याच त्याच्याही कातडीत तैलग्रंथी असतात. त्यांतून पाझरणाऱ्या तेलकट द्रव्याला सीबम म्हणतात. उलटं लटकून वटवाघूळ पायाच्या नखांनी केस विंचरतं, जिभेनं पंख चाटून साफ करतं. पंख म्हणजे तरी काय? लांबलचक बोटांमध्ये ताणलेली पातळ कातडी. ती मऊ राहिली तर उडणं, आणि उडणं तर पोट.

या तेलात मेदाम्लं असतात. नावं अवघड असली तरी ती आपल्या घरातलीच आहेत. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर, करडईच्या तेलात लिनोलेइक. कोकणात टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल लावतात, त्यात स्टिअरिक. मिरिस्टिक आम्लाचं नाव तर जायफळाच्या शास्त्रीय नावावरूनच पडलं. खोबरेलातही ते असतं.

वटवाघळांच्या बाबतीत या आम्लांकडे शास्त्रज्ञांचं विशेष लक्ष गेलं ते एका साथीमुळे. २००६ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यात, एका गुहेत झोपलेल्या वटवाघळांच्या नाकांवर पांढरी बुरशी दिसली. ही बुरशी थंडीत फोफावते. २० अंश सेल्सिअसच्या वर ती वाढत नाही. तिकडची वटवाघळं हिवाळाभर दीर्घ निद्रा घेतात आणि त्यांचं शरीर गुहेइतकंच थंड होतं. बुरशीला आयती जमीन मिळते. ती पंखांची कातडी पोखरते. प्राणी पुन्हा पुन्हा जागा होतो आणि प्रत्येक वेळी साठवलेली चरबी जाळतो. वसंताआधीच शिदोरी संपते. छोट्या तपकिरी वटवाघळासह तीन जातींची संख्या साथ पोचली तिथे ९० टक्क्यांहून अधिक घटली.

मोठं तपकिरी वटवाघूळ मात्र बरंचसं तगलं. का? फोर्डहॅम विद्यापीठातले क्रेग फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दोघांच्या पंखांची कातडी तपासली. मेदाम्लं दोघांत तीच सात, फरक फक्त प्रमाणात. मोठ्यात ओलेइक आणि मिरिस्टिक अधिक, छोट्यात स्टिअरिक अधिक. मग प्रयोगशाळेत बुरशीवर ही आम्लं वापरून पाहिली. ओलेइक आणि लिनोलेइक आम्लांनी गुहेसारख्या थंडीतही तिची वाढ रोखली. मिरिस्टिक आणि स्टिअरिक दहा अंशांच्या वर उपयोगी पडली. चार-पाच अंशांच्या गारठ्यात ती निष्प्रभ ठरली. म्हणजे नुसतं तेल असून भागत नाही. कोणतं, किती आणि कोणत्या थंडीत, हेही पाहावं लागतं. श्रेय एकट्या तेलाचं नाही, हेही खरं. मोठ्याचा देह मोठा आहे, आणि झोपायला तो अधिक थंड, कोरडी जागा निवडतो.

दूरच्या गुहांतल्या या मरणाचं आपल्याला काय, असं कुणी विचारेल. ही वटवाघळं रात्रभर किडे खातात. २०२४ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार, अमेरिकेत जिथे वटवाघळं मेली, तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला. किडे खाणारं तोंड गेलं, विषाचा फवारा आला. आपल्या शेतांवरून संध्याकाळी भिरभिरणारी लहान वटवाघळंही तेच काम करतात, आणि त्याची मजुरी मागत नाहीत.

आपल्या देशात काही ठिकाणी 'वटवाघळाचं तेल' सांधेदुखीवर म्हणून विकतात. ते या प्राण्याला मारून, चरबी वितळवून काढलेलं असतं. त्यानं सांधे बरे होतात याला शास्त्राचा आधार नाही. वटवाघळाच्या तेलाचा खरा गुण त्याच्या जिवंत कातडीवरच दिसतो. तिथे ते बुरशीला अडवतं, पंख मऊ ठेवतं आणि आपल्या पिकांच्या राखणदाराला राखतं. त्याला स्नेह म्हणायला माझी तरी हरकत नाही.